घोडीच्या एका नाकपुडीतून घट्ट शेंबूड, मागच्या पायावर गाठी: हा ग्लँडर्स आहे का, आणि आम्हाला होईल का?

प्रश्न: आम्ही कसबा बावड्याचे. चार घोड्या आहेत. लग्नात नवरदेवासाठी देतो, सुट्टीच्या दिवशी दोन रंकाळ्यावर मुलांना फिरवायला नेतो. दिवाळीनंतर बाजारातून एक नवीन घोडी आणली. काही दिवसांनी तिच्या डाव्या नाकपुडीतून पिवळा घट्ट शेंबूड यायला लागला. पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली, थोडं कमी झालं, आता परत सुरू आहे. मागच्या उजव्या पायाच्या आतल्या अंगाला ओळीनं गाठी आल्यात, एक फुटली. एक जण म्हणतो ग्लँडर्स आहे, कळवलंस तर सरकारी माणसं घोडी मारतील. दुसरा म्हणतो गप इंजेक्शनं मार, बरी होईल, नाहीतर पुढच्या बाजारात काढून टाक. घोडीचं सगळं माझा सतरा वर्षांचा मुलगा करतो. मला साखर आहे. हा रोग माणसाला होतो का? लग्नाच्या सुपाऱ्या घेतल्यात, बाकीच्या घोड्या पाठवू का?

उत्तर:

ग्लँडर्स हा घोड्या-गाढवांचा जिवाणूमुळं होणारा संसर्गजन्य रोग. कारणं नंतर सांगतो, आधी आज संध्याकाळच्या आत काय करायचं ते.

नवीन घोडी बाकीच्या तिघींपासून तोडा. शेजारच्या खुंट्याला बांधून भागणार नाही, तिला वेगळं छप्पर हवं, आणि एकीचं तोंड दुसरीपर्यंत पोचणार नाही एवढं लांब. तिची बादली, तोबरा, खरारा, मोरखी, झूल सगळं तिच्यापाशीच राहू दे. चौघी एकाच हौदावर पाणी पीत असतील तर ते आजपासून बंद. हौद उपसा, घासा, उन्हात कोरडा पडू द्या. मुलाला तिच्याजवळ पाठवू नका आणि तुम्ही स्वतः तर मुळीच जाऊ नका. घरातलं एकच धडधाकट मोठं माणूस, ज्याच्या हाताला कुठं चीर किंवा खरचटलेलं नाही, त्यानं तिचं चारापाणी बघायचं. रबरी हातमोजे, नाकातोंडाला एन-९५ मास्क, डोळ्यांना चष्मा. फुटलेली गाठ पिळायची नाही, धुवायची नाही, तिच्यात हळद-चुना भरायचा नाही. आणि यापुढं एकही इंजेक्शन नको.

मग जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात फोन करा आणि "घोडीला ग्लँडर्सचा संशय आहे, रक्त तपासायचं आहे" असं याच शब्दांत सांगा. तिथं कुणी भेटलं नाही तर १९६२ हा पशुसंवर्धनाचा क्रमांक आहे. घोडी टेम्पोत घालून दवाखान्यात नेऊ नका, त्यांनाच तुमच्याकडे येऊ द्या.

सुपाऱ्यांचं उत्तर "नाही" असंच आहे. बाकीच्या तिघी वरवर ठणठणीत दिसत असल्या तरी त्या हिच्याबरोबर एका हौदावर प्यायल्यात. वरातीत जिथं जातील तिथं आणखी कुणाची घोडी असेल, कुणीतरी लहान मूल उचलून पाठीवर बसवेल, नवरदेव गळ्याला हात घालून फोटो काढेल. लग्नसराईचे हे चार महिने तुमच्या घराला वर्षभर पोसतात हे मला ठाऊक आहे, आणि घेतलेला विसार परत करणं किती जड जातं तेही. तरीही रक्ताचा निकाल येईपर्यंत चारही घोड्या जागेवरच राहिल्या पाहिजेत. रंकाळ्यावरसुद्धा नाही.

आता मूळ प्रश्न. हा ग्लँडर्सच आहे का? तुमच्या मजकुरावरून ते ठरवता येणार नाही, आणि नुसतं बघून तुमच्या दारातही कुणाला ठरवता येणार नाही. नाक वाहण्याची कारणं बरीच असतात, आणि त्यातली बहुतेक ग्लँडर्सपेक्षा किती तरी साधी असतात.

एकाच नाकपुडीतून पू येतो आणि त्याला कुजका, नकोसा वास मारतो, तेव्हा मी पहिल्यांदा वरच्या दाढा बघतो. दाढेचं मूळ सडलं की वरच्या पोकळीत पू साचतो आणि त्याच बाजूच्या नाकातून वाहतो. महिनोन् महिने "सर्दी" म्हणून औषधं खाणारी घोडी दाढ काढल्यावर मोकळी झाल्याचं मी पाहिलंय. तरण्या जनावराला सणसणीत ताप, दोन्ही नाकपुड्या भरलेल्या आणि जबड्याखाली सुजलेला, दुखरा गोळा असेल तर बहुधा स्ट्रँगल्स, म्हणजे घोड्यांचा घशातल्या गाठी पिकवणारा दुसरा जिवाणूचा रोग, असतो. तो गोळा पिकतो, फुटतो, पू निघून जातो आणि जनावर सुधारतं. पायावरच्या गाठींचंही तसंच. खुराच्या वरच्या सांध्याजवळून सुरू होऊन वर चढणाऱ्या गाठी दुसऱ्या जिवाणूनं होतात, आणि एका बुरशीनं तर हुबेहूब ग्लँडर्ससारख्या गाठी येतात.

तुमच्या पत्रात मला काळजी वाटली ती दोन गोष्टी एकत्र आल्यामुळं. एका नाकाचं वाहणं आणि मागच्या पायाच्या आतल्या अंगाला ओळीनं गाठी. त्यात घोडी बाजारातून नवीन आलेली, आणि इंजेक्शननं कमी होऊन परत उलटलेलं दुखणं. दाढ सडली तर पायाला गाठी येत नाहीत.

डॉक्टर आले की ते काय बघतील ते सांगतो, म्हणजे तुम्हाला धास्ती वाटणार नाही. हे तुम्ही स्वतः करून बघायचं नाही. ते घोडी उजेडात घेतील आणि नाकपुडीची कड अंगठ्यानं उलटून आतल्या पडद्यावर बॅटरी मारतील. निरोगी पडदा गुलाबी, ओला, एकसारखा दिसतो. ग्लँडर्समध्ये त्यावर आधी मसुराएवढे पिवळसर फोड येतात, ते फुटून खोलगट, कडा उचललेले व्रण होतात. जुना व्रण भरला की जागेवर पांढरट वण उरतो आणि त्याच्या रेषा चांदणीसारख्या चहूकडं पसरलेल्या असतात. हा चांदणीसारखा वण एकदा पाहिलेला डॉक्टर तो विसरत नाही. मग जबड्याच्या दोन हाडांमधली गाठ चाचपतील. स्ट्रँगल्सची गाठ गरम, दुखरी असते आणि पिकून मऊ पडते. ग्लँडर्सची कठीण असते, सहसा पिकत नाही, हाडाला धरून बसल्यासारखी असते, आणि दाबली तरी घोडी फारशी मान झटकत नाही. पायाला हात लावतील तेव्हा कातडीखाली एक जाड दोरी ताणल्यासारखी शीर लागेल आणि तिच्यावर थोड्या थोड्या अंतरानं गाठी. फुटलेल्या गाठीतून पांढरा दाट पू येत नाही, मधाच्या रंगाचा, तेलकट, चिकट स्राव येतो आणि खालचे केस एकमेकांना चिकटतात. कातडीच्या या प्रकाराला जुन्या पुस्तकांत फार्सी म्हणतात. रोग तोच, वाट वेगळी. तिसरा प्रकार फुफ्फुसांतला, आणि तो सगळ्यांत फसवा. घोडी थोडी खोकते, धाप लागते, अंगाला लागत नाही, एवढंच दिसतं. बऱ्याच जनावरांत हे तिन्ही प्रकार मिसळलेले असतात.

या सगळ्याचं मूळ असलेल्या जिवाणूचं नाव बर्खोल्डेरिया मॅलिआय. लोफलर आणि शुट्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८२ साली तो वेगळा करून दाखवला. त्याच्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घेतली की पुढचं सगळं उलगडतं. त्याचं खरं घर म्हणजे घोडा, गाढव, खेचर यांचं शरीर. मातीत, पाण्यात तो कायमचं बिऱ्हाड करत नाही. कडक उन्हात लवकर मरतो, जंतुनाशकानं मरतो. दमट, अंधाऱ्या तबेल्यात मात्र काही आठवडे तग धरतो, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात कुठला तबेला कोरडा असतो? तरीही वर्षानुवर्षं हा रोग टिकतो तो फक्त एका जनावरातून दुसऱ्यात जाऊन. त्यासाठी त्याला असं जनावर लागतं जे आजारी तर आहे, पण मरत नाही, दिसतही नाही. घोडा नेमका तसा आहे. गाढवाला आणि खेचराला हा रोग झाला तर सहसा जोरात होतो: ताप, नाकातून पूर, आणि दोनेक आठवड्यांत खेळ आटोपतो. घोडा महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं रेटतो. अधूनमधून नाक वाहतं, मग थांबतं, मालक म्हणतो बरा झाला. त्या "बऱ्या" काळातही तो हौदात, गव्हाणीत, तोबऱ्यात जिवाणू सोडत असतो. घोड्याला रोग लागतो तो मुख्यतः तोंडावाटे, दूषित पाणी आणि वैरणीतून. म्हणून मी हौदापासून सुरुवात केली.

आता त्या "गप इंजेक्शनं मार" सल्ल्याबद्दल. पेनिसिलिन या जिवाणूवर चालतच नाही. पहिल्या इंजेक्शनांनंतर जे कमी झालं ते रोगाच्या स्वभावानं झालं असेल, किंवा वरून लागलेले दुसरे जंतू मेले म्हणून. त्याच्यावर चालणारी काही औषधं आहेत, पण हा जिवाणू शरीराच्या पेशींच्या आत शिरून राहतो, फुफ्फुसात आणि गाठींत कोश करून बसतो. औषधानं घोडी वरून चकचकीत दिसेल, वजन धरेल, आणि आतून तशीच राहील. मग तीच वरातीत जाईल, तीच बाजारात विकली जाईल. दिसणारा आजारी घोडा लोक टाळतात. उपचारानं झाकलेल्या घोड्याला कुणी टाळत नाही. जगात जिथं जिथं हा रोग संपवला गेला, ब्रिटनमध्ये १९२८ पर्यंत, अमेरिकेत १९४२ पर्यंत, तिथं औषधानं संपला नाही. तपासणी केली, बाधित जनावरं काढली, तेव्हा संपला. प्राण्यांसाठी याची लस आजही नाही.

आपल्याकडं यासाठी इंग्रजांच्या काळात १८९९ चा स्वतंत्र ग्लँडर्स आणि फार्सी कायदा होता. आता तो २००९ च्या प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्यात विलीन झालाय. त्यानुसार संशय आला की कळवणं हे मालकाचं कर्तव्य आहे आणि बाधित जनावर हलवणं, विकणं गुन्हा आहे. हा रोग जुन्या पोथीतलाच आहे असं कुणी म्हणेल, तर सांगा की २००६ मध्ये तो पुण्यात आणि पाचगणीत घोड्यांत निघाला होता. पाचगणी आपल्यापासून किती लांब आहे? त्यानंतर उत्तरेतल्या बऱ्याच राज्यांत तो सापडत आलाय.

घोडी मारतील का? होय, तपासणीत ग्लँडर्स पक्का ठरला तर तिला शांतपणे, वेदना न देता मारावं लागतं. ही गोष्ट गुळमुळीत सांगून मला तुमची फसवणूक करायची नाही. पण "कळवलं की मारतात" हे खोटं आहे. कळवलं की आधी रक्त घेतात. तो नमुना पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागामार्फत पुढं जातो, आणि शेवटचा शब्द असतो हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा. पूर्वी डोळ्याच्या पापणीत मॅलिन, म्हणजे याच जिवाणूपासून बनवलेला चाचणीचा द्रव, टोचून दोन दिवस सूज बघत. आता रक्तातली प्रतिद्रव्यं एलायझा चाचणीनं बघतात आणि शंका आली तर दुसऱ्या चाचणीनं ताडतात. लागण अगदी ताजी असेल तर पहिली चाचणी कोरी येऊ शकते, म्हणून काही आठवड्यांनी परत रक्त घेतात. दुसऱ्यांदा सुई टोचायला आले म्हणजे काहीतरी लपवतायत असं समजू नका. निकाल निगेटिव्ह आला, दाढ किंवा बुरशी निघाली, तर उपचार होतील आणि घोडी तुमच्याच दारात राहील. घाबरून न कळवणारा माणूस ही शक्यताच गमावून बसतो.

पॉझिटिव्ह आली तर नुकसानभरपाई मिळते, केंद्र आणि राज्य मिळून देतात. लग्नाच्या चांगल्या घोडीच्या बाजारभावापुढं ती तोकडी आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की ती वाढवली पाहिजे. मालकाला पुढं येण्यापासून अडवणारी ही एकच गोष्ट आहे, बाकी सगळी माणसं समजूतदार असतात. पण भरपाई मिळते ती कळवलेल्या आणि पंचनामा झालेल्या जनावराची. गुपचूप मेलेल्या किंवा रात्रीतून पुरलेल्या घोडीची नाही. म्हणून खरेदीची पावती, बाजार समितीचा दाखला, काही असेल ते सांभाळून ठेवा.

बाधित ठिकाणाभोवती ठरावीक अंतरापर्यंत सगळ्या घोड्या-गाढवांचं रक्त तपासतात आणि ने-आण थांबवतात. २०१९ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात बाधित पट्टा ५ किलोमीटरचा होता, पुढं तो कमी केला गेला. शेजारचे घोडेवाले तुमच्यावर चिडतील, हे होणार. त्यांना मी सांगितलं म्हणून सांगा की त्यांची जनावरं तुमच्या फोनमुळं आजारी पडणार नाहीत, झाली असतील तर ती आधीच झालीत.

"पुढच्या बाजारात काढून टाक" म्हणणाऱ्याला मात्र मी हात जोडतो. अकलूजचा बाजार, सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, माळेगावची खंडोबाची यात्रा, जेजुरी आणि मढीचे गाढवांचे बाजार, ही आपल्या अश्वपालकांची वर्षाची तीर्थं आहेत. महाराष्ट्रातून, बाहेरून जनावरं येतात, एका रांगेत बांधतात, एका टाकीवर पाजतात आणि चार दिवसांनी शंभर दिशांना जातात. एक घोडी तिथं सोडली की कुठल्या जिल्ह्यातल्या कुणाच्या पोराच्या हातात ती जाईल, ते तुम्हाला कधी कळणारसुद्धा नाही.

आता तुमच्या घराचं. होय, हा रोग माणसाला होतो. पण सहज होत नाही. घोडेबाजारातून फिरणारा, वरातीत शेजारून चालणारा, रंकाळ्यावर पाच मिनिटं बसणारा माणूस सहसा आजारी पडत नाही, आणि माणसांत याची साथ आल्याची नोंद नाही. धोका असतो जो रोज जवळ असतो त्याला: मोतद्दार, नालबंद, पशुवैद्य, प्रयोगशाळेतला माणूस. जिवाणू शिरतो हाताच्या चिरेतून, डोळ्याच्या, नाकाच्या, तोंडाच्या ओल्या कातडीतून, किंवा घोडीनं फुरफुरताना उडालेले तुषार श्वासातून गेल्यामुळं. इंजेक्शन देताना स्वतःला सुई टोचणं ही आणखी एक वाट. म्हणजे जो माणूस प्रेमानं गाठ पिळून पू काढतो, नाक पुसतो, तोच सर्वांत पुढं उभा असतो. तुमच्या घरात तो तुमचा मुलगा आहे.

झालाच तर काय दिसतं? कातडीतून शिरला तर एक ते पाच दिवसांत त्या जागी लाल, दुखरी गाठ, मग व्रण, आणि काखेत किंवा जांघेत अवधाण येतं. श्वासातून गेला तर दहा ते चौदा दिवसांत थंडी वाजून ताप, अंग ठणकणं, डोकं दुखणं, छातीत दुखणं, खोकला. पुढं फुफ्फुसात, यकृतात, प्लीहेत गळवं होऊ शकतात. रक्तात पसरला की तो फार घातक. प्रतिजैविकं नव्हती तेव्हा असा रुग्ण बहुधा वाचत नसे. आज औषधं आहेत. आधी शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेमच्या जातीचं, नंतर तोंडानं को-ट्रायमोक्साझोल किंवा डॉक्सिसायक्लिन, आणि हा कोर्स काही महिने चालतो. वेळेवर ओळखला तर माणूस बरा होतो. ओळखायला उशीर होणं हीच खरी अडचण आहे.

हे का सांगतोय ते एका नोंदलेल्या घटनेवरून बघा. २००० साली अमेरिकेत लष्कराच्या प्रयोगशाळेत याच जिवाणूवर काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाला हा रोग झाला. तिथं १९४५ नंतर माणसात सापडलेला हा पहिलाच रुग्ण. तो मधुमेही होता, आणि काम करताना दर वेळी हातमोजे घालत नसे. काखेत अवधाण, ताप. साध्या प्रतिजैविकानं आधी उतार पडला, आणि औषध थांबल्यावर सगळं दुप्पट होऊन परत आलं. यकृतात, प्लीहेत गळवं निघाली. रुग्णालयाच्या स्वयंचलित यंत्रानं जिवाणू ओळखला तोही चुकीचा, साधा स्यूडोमोनास म्हणून. योग्य औषधं मिळाल्यावर तो बरा झाला. बघा, काम कशाशी करतो हे ठाऊक असलेल्या माणसाच्या बाबतीत एवढा वेळ गेला. आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांना कुणी सांगितलंच नाही की घरात आजारी घोडी आहे, तर ते ताप बघून डेंग्यू, टायफॉइड म्हणतील, फुफ्फुसातला डाग बघून टीबीची औषधं सुरू करतील, आणि त्यात त्यांचा काही दोष नसेल.

म्हणून तुम्ही आणि मुलगा, दोघं उद्याच डॉक्टरांकडं जा. ताप नसला तरी जा. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, गेलात तर औषधवैद्यक विभागात दाखवा आणि "घरच्या घोडीला ग्लँडर्सचा संशय आहे, आम्ही तिचं नाक पुसलंय, गाठ धुतलीय" हे पहिल्या वाक्यात सांगा. रक्त किंवा पू तपासायला पाठवायचा झाला तर प्रयोगशाळेलाही हे आधी कळलं पाहिजे, कारण तिथल्या लोकांनाच या जिवाणूचा मोठा धोका असतो. लागण होऊ नये म्हणून आधीच गोळ्या सुरू करायच्या का, हे डॉक्टर ठरवतील. घरात उरलेल्या गोळ्या आपल्या मनानं घेऊ नका. घोडीशी शेवटचा संबंध आला त्या दिवसापासून २१ दिवस, सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून ताप वहीत लिहा. मुलाच्या हातावर नाल मारताना किंवा दोर ओढताना झालेली चीर आहे का, हे डॉक्टरांनाच नीट बघू द्या. तुमची साखर आटोक्यात आहे का तेही याच वेळी तपासून घ्या. मधुमेहात असले जिवाणू हातपाय पसरतात. याच्याच सख्ख्या भावानं, मातीपाण्यात राहणाऱ्या जिवाणूनं होणारा मेलिऑइडोसिस हा रोग कर्नाटकच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात निघतो आणि तिथं त्याचे बरेच रुग्ण मधुमेहीच असतात.

घरातल्या बाकीच्यांना मुलापासून लांब ठेवायची गरज नाही. माणसाकडून माणसाला हा रोग फार क्वचित जातो. घोडीची कामं करताना घातलेले कपडे मात्र घरच्या कपड्यांत मिसळू नका, उकळत्या पाण्यातून काढा.

तबेल्याची स्वच्छता. कोरडा झाडू मारायचा नाही, धूळ उडते. लीद, खालचं गवत, उष्टी वैरण आधी ओली करा, मग गोळा करून जाळा किंवा खोल पुरा. ती शेतात खत म्हणून टाकू नका, उकिरड्यावर नको. मग साबणाच्या पाण्यानं गव्हाण, खांब, जमीन घासा. घाणीवर ओतलेलं जंतुनाशक फुकट जातं, म्हणून घासणं आधी. त्यानंतर १ टक्क्याचं सोडियम हायपोक्लोराइट शिंपडा आणि दारं-पत्रे उघडून ऊन आत येऊ द्या. लाकडी गव्हाण जुनी, भेगाळलेली असेल आणि रोग पक्का ठरला, तर ती जाळणंच बरं. तिचा तोबरा आणि खराराही.

घोडी दगावलीच तर तिला चिरून बघू नका, कुणाला बघू देऊ नका. विहीर, ओढा, पंचगंगेच्या काठापासून दूर, खोल खड्ड्यात चुना घालून पुरायचं, तेही डॉक्टरांच्या देखत. कुत्र्यांना मांस लागता कामा नये. बाधित मांस खाऊन कुत्र्यांना, मांजरांना, प्राणिसंग्रहालयातल्या वाघ-सिंहांनाही हा रोग झालेला आहे.

आणखी एक विचारतो. तुमच्या आसपास नदीकाठच्या वीटभट्ट्यांवर गाढवं आहेत का? भट्ट्या दिवाळीनंतर पेटतात, म्हणजे तुमची घोडी आली त्याच सुमारास त्यांचीही गाढवं बाहेरून आली असतील. तिथं एखादं गाढव ताप येऊन, नाक वाहून मेलं असेल तर ते डॉक्टरांना सांगणं फार मोलाचं आहे. गाढवात रोग लपत नाही, त्यामुळं पहिला इशारा बहुधा त्याच्याकडूनच मिळतो. तसंच कळपाबरोबर बिऱ्हाडाची घोडी घेऊन फिरणारे धनगर तुमच्या पाणवठ्यावर थांबले असतील, तर त्यांनाही निरोप पोचवा. त्यांना दोष लावायचा नाही, त्यांची घोडी वाचावी म्हणून.

पुढं कधी नवीन जनावर आणाल तेव्हा सौद्याआधी रक्ताचा दाखला मागा. विकणारा कुरकुरला तरी मागा. आणल्यावर महिनाभर वेगळ्या जागी, वेगळ्या बादलीवर ठेवा आणि महिना संपताना परत रक्त द्या. बावड्यात जागा नसेल तर नात्यातल्या कुणाचं रान बघा.

डॉक्टर रक्त घ्यायला येतील त्याआधी एक कागद तयार ठेवा. घोडी कुठल्या तारखेला घेतली, कुणाकडून, त्याचा मोबाईल क्रमांक, कुठल्या गाडीतून आणली आणि त्या गाडीत आणखी कुणाची जनावरं होती. आणल्यापासून तुमच्या चारही घोड्या कुठल्या लग्नांना, कुठल्या गावांत गेल्या, तिथं दुसऱ्या कुणाच्या घोड्या होत्या. नालबंद कोण आला होता आणि तो तुमच्याकडून पुढं कुणाकडं गेला. इंजेक्शनं कुणी दिली, कोणती दिली, ती सुई पुढं दुसऱ्या जनावराला वापरली का. यातलं काही लाजून गाळू नका. ज्याच्याकडून घोडी घेतली त्याच्या तबेल्यातही कुणाचा तरी मुलगा असेल, त्याच्यापर्यंत पोचायला या कागदाशिवाय डॉक्टरांकडं दुसरं काही नाही.